सभेतील स्त्रीचा आवाज

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत 'काहीतरी ऐतिहासिक' लिहावे, अशी चालक-भगिनींची आज्ञा झाली. ऐतिहासिक म्हटले की जिजाबाई आणि अहिल्याबाई डोळ्यांसमोर येतात. परंतु त्यांच्यावर आपल्यापैकी अनेकींनी वेळोवेळी चांगले लिहिले आहे. मी जरा निराळा विषय घेते. आपल्या वार्षिक सभेत चहा येईपर्यंत सगळ्याजणी भरभरून बोलत असतात. पण "पुढे येऊन दोन शब्द सांगा" असे कोणी म्हटले, की जी ती शेजारणीला पुढे ढकलते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले. "बोलेन हो मी, पण ऐकणार कोण?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बोलता येणे ही एक विद्या आणि चारचौघांना ऐकावयास लावणे ही दुसरी. पहिली आपणा बायकांकडे पिढ्यान् पिढ्या होती. जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीचे खेळ, पंक्तीत घ्यावयाचे उखाणे, दुपारच्या वेळी ओटीवर सांगितलेल्या कहाण्या, यांत बाईची जीभ कधी अडखळली नाही. अडचण होती ती सभेची. पुरुषांनी भरलेल्या, अनोळखी, कधी कुत्सित चेहऱ्यांच्या सभेपुढे उभे राहून तिला आपल्याकडे वळवावयाचे कसे, हे शिकावयास महाराष्ट्रातील स्त्रियांना संधीच मिळाली नव्हती. ती त्यांनी सुमारे १८८२ ते १८८९ या सात-आठ वर्षांत कशी मिळवली आणि तिचा उपयोग कसा केला, ही हकीकत मला आज सांगावयाची आहे. ती जुनी असली, तरी आपल्या उपयोगाची आहे.

त्या काळापूर्वी स्त्रीला सभा ठाऊक होती ती श्रोती म्हणून, आणि तीही देवळातली. कीर्तन व पुराण ही आपल्याकडील लोकशिक्षणाची जुनी पीठे. पुराणिक बसून सांगतो, कीर्तनकार उभा राहून. नारदीय कीर्तनाची बांधणी पाहिली म्हणजे श्रोत्यांचे मन राखण्याचा त्यात किती विचार केलेला आहे ते कळते. आरंभी नमन, मग पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन त्याचे निरूपण. हा भाग विचाराचा, म्हणून तो माणसे ताजीतवानी असताना घ्यावयाचा. मध्ये नामाचा गजर होतो, बुक्का लागतो, श्रोते पाय मोकळे करतात. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. पूर्वरंगात जे सांगितले तेच आता गोष्टीच्या रूपाने. शेवटी पुन्हा मूळ अभंगावर येऊन आरती. दमलेल्या माणसाला गोष्ट द्यावी, ताज्या माणसाला विचार द्यावा, आणि मध्ये सर्वांना एकदा तोंड उघडू द्यावे, हे मर्म कीर्तनकारांनी फार पूर्वी ओळखले होते. बायका एका बाजूला बसून हे सारे ऐकत. बोलावयाची वेळ आली तेव्हा ही ऐकीव शिदोरी त्यांच्या उपयोगी पडली, असे मला वाटते.

इकडे शहरांत नव्या धर्तीची व्याख्याने सुरू झाली. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती अद्यापि चालू आहे. या नव्या सभेत टाळ-मृदंग नव्हते, आरती नव्हती. होता तो वक्ता आणि त्याचा मुद्दा. अशा काळात, १८८२ साली, पुण्यात एक चोवीस वर्षांची विधवा एक वर्षाची मुलगी घेऊन उतरली. त्या पंडिता रमाबाई.

रमाबाईंची शाळा म्हणजे रस्ता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविले. कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे आणि देवळांत, घाटांवर पुराण वाचून निर्वाह करीत असे. पुराण ऐकावयास बसलेले हे श्रोते आमंत्रणे देऊन बोलाविलेले नसत. वाटसरू यावा, घटकाभर टेकावा, मन रमले तर बसावा, नाही तर उठून चालू लागावा. अशा श्रोत्यांपुढे ज्या मुलीचे बालपण गेले, तिला माणूस केव्हा उठू लागतो आणि कशाने बसतो, हे कोणी शिकवावयास नको होते. पुढे दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या आणि तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

पुण्यास आल्यावर त्यांनी बायकांपुढे जे बोलणे आरंभिले, त्याचे रूप पुराणाचे होते. ऐकणाऱ्या बायकांना पुराण म्हणजे काय ते ठाऊक, कोठे बसावयाचे, केव्हा हात जोडावयाचे ते ठाऊक. त्या ओळखीच्या ओसरीवरून रमाबाईंनी त्यांना स्त्रीशिक्षणाच्या अनोळखी खोलीत नेले. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. सर्वच बायका त्यामुळे प्रसन्न झाल्या असे नाही. बाईने सभेत बोलावे हेच अनेक घरांतून थट्टेचे आणि निंदेचे झाले. परंतु निंदा करणाऱ्यांनाही ती ऐकून करावी लागत होती. सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष हंटर यांच्यापुढे त्याच साली रमाबाईंनी साक्ष दिली, ती मराठीतून. स्त्री-शिक्षिका तयार कराव्यात, आणि स्त्रियांना वैद्यकी शिकवावी, कारण पुरुष डॉक्टरला दुखणे न सांगता अनेकजणी प्राणास मुकतात, असे त्यांचे म्हणणे. साहेबापुढे बोलावयाचे म्हणून त्यांनी भाषा बदलली नाही. ज्यांचे दुःख सांगावयाचे, त्यांच्याच भाषेत ते सांगितले. भाषांतर करून घेण्याचे काम ऐकणाऱ्याचे.

दुसरी हकीकत महाराष्ट्राबाहेर घडली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमध्ये श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई जोशी बोलावयास उभ्या राहिल्या. वय अठरा वर्षांना महिनाभर कमी. पती गोपाळराव पोस्टखात्यात नोकरीस असल्यामुळे हे जोडपे तिकडे होते. आनंदीबाई वैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेस निघाल्या होत्या, त्याही एकट्या. आणि त्यावरून चोहोकडे कुजबूज चालली होती. समोर युरोपियन व एतद्देशीय श्रोते, भाषण इंग्रजीतून. अशा वेळी मोठमोठे वक्तेही आपल्या ध्येयाची थोरवी गाऊ लागतात. आनंदीबाईंनी तसे केले नाही. त्यांनी लोकांच्या मनातले, आणि बहुधा त्यांच्या पाठीमागे बोलले जाणारे, प्रश्नच एकेक करून हाती घेतले. अमेरिकेस जातेस कशाला? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर? परदेशात काही बरेवाईट झाले तर? आणि आजवर कोणा बाईने केले नाही ते तूच का करावेस?

प्रश्न सांगावयाचा आणि उत्तर द्यावयाचे. पुन्हा पुढचा प्रश्न. येथे स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे, इकडे शिकू पाहणाऱ्या बाईला कोणकोणता त्रास सोसावा लागतो, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवाने सांगितले. जातीच्या प्रश्नावर तर, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, असा निश्चय सांगून त्या मोकळ्या झाल्या. या भाषणाची ताकद कशात होती? ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक तरी शंका दडलेली होती. ती शंका बाईंच्याच तोंडून ऐकू आली, की तो मनुष्य पुढे सरसावून बसणारच. कारण आता उत्तर ऐकल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. विरोधकाची शंका आपण त्याच्यापेक्षा स्वच्छ शब्दांत मांडावी आणि मग उत्तर द्यावे, ही त्या मुलीची युक्ती पुष्कळ वकिलांनाही साधत नाही. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात वारल्या. इतके अल्प आयुष्य, परंतु श्रीरामपूरची ती सहा प्रश्नोत्तरे आजही वाचणाऱ्याला धरून ठेवतात.

तिसरे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते, कारण त्यातील बाई आपल्यासारख्या एकत्र कुटुंबातल्या, सासूसासऱ्यांच्या धाकातल्या. रमाबाई रानडे. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. न्यायमूर्तींनी त्यांना शिकविले, प्रथम मराठी, मग इंग्रजी. १८८४ साली पुण्यात हिराबागेत सभा भरली. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन उपस्थित. मुलींसाठी हायस्कूल हवे, अशी मागणी करावयाची होती. रमाबाईंनी ती इंग्रजीतून वाचून दाखविली. मजकूर न्यायमूर्तींनी लिहून दिलेला होता, वाचणे तेवढे त्यांचे. पण त्या वाचण्याची किंमत घरी मोजावी लागली. पुरुषांच्या सभेत बाईने इंग्रजी वाचले म्हणून घरातील वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना जे बोलून घेतले, ते त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला पुण्यात मुलींचे हायस्कूल उघडले, तेच आपले हुजूरपागा.

मला येथे सांगावयाचे आहे ते असे. दुसऱ्याने लिहून दिलेला कागद वाचण्यापासून रमाबाईंनी आरंभ केला, यात कमीपणा काही नाही. पहिल्या दिवशी पाय थरथरू न देता उभे राहणे एवढेच साधावयाचे असते. पुढे त्या मुंबईत व पुण्यात बायकांच्या लहान लहान मेळाव्यांतून बोलू लागल्या. न्यायमूर्तींच्या निधनानंतर तुरुंगातील स्त्रियांना भेटावे, त्यांना चार गोष्टी वाचून दाखवाव्यात, असा क्रम त्यांनी ठेवला. ज्या बाईला समाजाने टाकले आहे, तिला बरे वाटेल आणि अपमान वाटणार नाही असे बोलणे, ही वक्तृत्वाची फार अवघड परीक्षा. १९०४ मध्ये मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन उभे राहिले. कागद वाचणारी बाई वीस वर्षांत अखिल हिंदुस्थानच्या महिलांच्या सभेची अध्यक्षा झाली. मधल्या वीस वर्षांत तिने लहान सभा टाळल्या नाहीत, हे त्यातील रहस्य.

आता १८८९. त्या वर्षी ११ मार्चला पंडिता रमाबाईंनी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि डिसेंबरात मुंबईतच काँग्रेसचे पाचवे अधिवेशन भरले. प्रतिनिधींची संख्याही, योगायोग असा की, १८८९. त्यांत थोड्या स्त्रिया प्रथमच प्रतिनिधी म्हणून आल्या होत्या. पंडिता रमाबाई त्यांपैकी एक. त्याच सुमारास भरलेल्या सामाजिक परिषदेत विधवांच्या केशवपनाच्या प्रश्नावर त्या उभ्या राहिल्या. ध्वनिक्षेपक तेव्हा नव्हते. हजारोंच्या गलबल्यात बाईचा आवाज पोहोचेना. त्यांचे चरित्रकार सांगतात की, त्या ओरडल्या नाहीत, गडबडूनही गेल्या नाहीत. सभा पूर्ण शांत होईपर्यंत नुसत्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या अशा अर्थाचे की, माझा आवाज लहान आहे यात नवल नाही; स्त्रीचा आवाज मोठा होईल अशी संधी तुम्ही तिला दिलीत कधी? त्यानंतर त्यांचा शब्द न् शब्द ऐकला गेला.

या एका प्रसंगात दोन गोष्टी आहेत. पहिली, शांततेचा उपयोग. गलबल्यावर गलबला केला तर तो वाढतो, बोलणारी थांबली की लोक "काय झाले?" म्हणून वर पाहतात. दुसरी अधिक मोलाची. आवाज लहान असणे हे वक्त्याचे उणे. रमाबाईंनी ते लपविले नाही, तेच त्यांनी आपल्या म्हणण्याचा पुरावा केला. त्यांना स्त्रीच्या मूकपणाविषयीच बोलावयाचे होते आणि तो मूकपणा सभेने नुकताच आपल्या कानांनी अनुभवला होता.

बायकांच्या हकीकतीत एका पुरुषाचे नाव घातल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, ते गाडगे महाराजांचे. १८७६ ते १९५६ हा त्यांचा काळ. हातात खराटा घेऊन दिवसा गाव झाडावयाचे आणि रात्री कीर्तन करावयाचे, हा त्यांचा क्रम. भाषा वऱ्हाडी, श्रोते बहुतेक निरक्षर. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरे. कर्ज काढून सण करावा का, देवापुढे बकरे कापावे का, पोरांना शाळेत घालावे की नाही, असे ते विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडून वदवून घेत. शेकडो माणसे एकदम "नाही" म्हणाली, की तो निर्णय महाराजांचा राहत नसे, गावाचा होत असे. उपदेश ऐकणारा घरी गेल्यावर विसरतो. स्वतःच्या तोंडाने सर्वांसमक्ष दिलेले उत्तर त्याला विसरता येत नाही. आनंदीबाईंनी श्रोत्यांचे प्रश्न स्वतः विचारले, महाराजांनी आपले प्रश्न श्रोत्यांना विचारले. मार्ग दोन, पण दोहोंत ऐकणाऱ्याला कामाला लावले आहे.

पुढे ध्वनिक्षेपक आला आणि लहान आवाजाची सबब संपली. स्त्रिया सर्व व्यासपीठांवर दिसू लागल्या. ग्वाल्हेरच्या १९६१ च्या साहित्य संमेलनात कुसुमावती देशपांडे पहिल्या स्त्री-अध्यक्षा झाल्या. त्यानंतरच्या स्त्री-अध्यक्षा दुर्गाबाई भागवत. संमेलन कऱ्हाडचे, वर्ष १९७५, आणीबाणीचा काळ. जयप्रकाश नारायण आजारी होते. दुर्गाबाईंनी भर सभेत, सत्तेतील मंडळी उपस्थित असताना, त्यांच्या प्रकृतीला आराम पडावा म्हणून प्रार्थना करावयास सांगितले. ध्वनिक्षेपक पुढ्यात असताना त्यांनी सभेला काही क्षण गप्प केले, आणि त्या क्षणांची आठवण अजून सांगितली जाते. १८८९ मध्ये रमाबाईंनी बोलता यावे म्हणून शांततेची वाट पाहिली. १९७५ मध्ये दुर्गाबाईंची शांतताच बोलली.

आता कोणी म्हणेल, ही थोरामोठ्यांची गोष्ट. हळदीकुंकवाला जमणाऱ्या आमच्यासारख्यांचा हिच्याशी काय संबंध? संबंध असा आहे. १९९३ पासून पंचायती व नगरपालिकांत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखीव झाल्या, आणि महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या आहेत. खुर्ची मिळाली, पण खुर्चीवर बाई आणि बोलणारे तिचे यजमान, असा देखावा कितीतरी ठिकाणी आपण पाहतो. खुर्ची कायद्याने मिळते, कान कायद्याने मिळत नाहीत. ते आपले आपण मिळवावयाचे असतात.

मागे आपल्या भागात नळाला पाणी अवेळी येई, त्या वेळची सभा काहींना आठवत असेल. दोन-तीन वक्त्यांनी अर्जांच्या तारखा वाचल्या. अधिकारी घड्याळ पाहत होते. मग आपल्यापैकी एक भगिनी उठल्या. त्यांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलेच नाही, वळून बायकांना विचारले, "पाण्यासाठी पहाटे तीनला कोण कोण उठते? हात वर करा." सगळी खोली हातांनी भरली. "आणि दिवसा कामावर कोण कोण जाते?" बहुतेक हात तसेच राहिले. मग त्या अधिकाऱ्यांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "साहेब, आमचे एवढेच म्हणणे आहे." पाण्याची वेळ लगेच बदलली नाही, बरीच खटपट करावी लागली, पण त्या दिवशी घड्याळ पाहणे थांबले, हे मी स्वतः पाहिले. त्या भगिनींनी वक्तृत्वाचे पुस्तक वाचलेले नाही. गाडगे महाराजांची रीत त्यांना आपोआप सुचली.

म्हणून पुढील वर्षासाठी मी मंडळापुढे चार सूचना ठेवते. दर महिन्याच्या बैठकीत एका सभासदेने पाच मिनिटे बोलावे; विषय तिच्या रोजच्या कामातला असावा, कारण त्यात तिच्याहून जाणकार कोणी नसते. पहिल्या खेपेस कागद वाचला तरी चालेल. "मी काय बोलणार" या वाक्याने कोणी आरंभ करू नये. ज्या बाईला स्वतःच्या बोलण्याचा भरवसा नाही, तिच्यावर श्रोत्यांनी का ठेवावा? आणि चौथी सूचना ऐकणाऱ्यांसाठी. बोलणे चालू असताना चहाचे पेले फिरवू नयेत, पिशवीतले विणकाम काढू नये, आणि बोलणारी अडखळली तर कोणीही तिचे वाक्य पुरे करू नये. तिला थांबू द्यावे. वाक्य तिचे तिला सापडेल.

नवे सभासद-वर्ष पुढील महिन्यात सुरू होत आहे. पहिल्या पाच मिनिटांसाठी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत, ही सर्व भगिनींना नम्र विनंती.

— एक सभासद